घटक ५ : व्यक्तिनामांचे स्रोत – ऋतू, लोकरीत आणि साहित्य

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण ग्रामनामांचा विचार केला. या घटकात व्यक्तिनामांकडे वळू. आपणांपैकी अनेकांनी घरात एखादे तरी बारसे केले असेल, पाळण्याच्या दोरीशी उभे राहून नाव सुचवले असेल आणि आपण सुचवलेले नाव मागे पडल्याची रुखरुखही अनुभवली असेल. तेव्हा या विषयाची सामग्री आपल्याजवळ आधीपासूनच आहे. ती भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने कशी पाहावी, एवढेच येथे शिकायचे आहे.

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत केवळ एकवचन-अनेकवचनाचा फरक दिसतो. अर्थ मात्र टोकाचे आहेत. एकाने बाळाची ओळख घडते, दुसऱ्याने माणसाची निंदा होते. या घटकात आपल्याला दिसेल की समाजाच्या व्यवहारात हे दोन अर्थ कित्येकदा एकमेकांत मिसळलेले होते.

५.२ ऋतुवाचक नावे

कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’चे सहा सर्ग ग्रीष्मापासून सुरू होतात आणि वसंतापाशी संपतात. या सहा ऋतूंपैकी वसंत, वर्षा, शरद, हेमंत आणि शिशिर ही नावे मराठी घरांत सर्रास आढळतात. मुलाचे नाव ग्रीष्म मात्र फारसे कोणी ठेवत नाही. अलीकडे ‘ग्रीष्मा’ हे मुलीचे नाव ऐकू येते, तेही क्वचितच. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. ज्या प्रदेशात वैशाखात विहिरी तळ गाठतात, तेथे उन्हाळ्याचे नाव लाडाने उच्चारले जाणे कठीण. कवीला ग्रीष्म वर्णनासाठी चालतो, पाळण्यात चालत नाही.

‘वसंत’ या नावाचा इतिहास विशेष अभ्यासनीय आहे. वसंतराव नाईक (जन्म १९१३), वसंतदादा पाटील (१९१७), नाटककार वसंत कानेटकर आणि गायक वसंतराव देशपांडे (दोघेही १९२०) हे सारे आठ वर्षांच्या अवधीत जन्मलेले आहेत. १९२२ मध्ये जन्मलेले कवी वसंत बापट यांचे मूळ नाव विश्वनाथ. तरीही कवी म्हणून ते वसंतच झाले. देवाचे किंवा आजोबांचे नाव पुढे चालवण्याच्या रूढीबरोबर निसर्गातून नाव घेण्याची आवड त्या काळात किती रुजली होती, हे या पाच नावांवरून ध्यानात येते. आज ‘वसंत’ हे आजोबांचे नाव वाटते. नावांनाही वय असते ते असे.

‘माधव’ हे नाव आपण कृष्णाचे म्हणून ओळखतो. पण वैदिक मासगणनेत मधू आणि माधव ही वसंतातील दोन महिन्यांची नावे आहेत. त्याच मालिकेतील नभ हा श्रावण आणि ऊर्ज हा कार्तिक. म्हणजे माधवराव हे नाव धारण करणारा माणूस नकळत ऋतुवाचक नावही मिरवत असतो. ‘मल्हार’चेही तसेच आहे. मल्हारराव होळकरांच्या नावामागे जेजुरीचा मल्हारी आहे. आजच्या शहरी घरातील मल्हारच्या नावामागे खंडोबा असेल किंवा पावसाळ्यातला राग असेल. शब्द तोच राहतो, स्रोत बदलतो. म्हणूनच नावाचा स्रोत केवळ कोशात पाहून ठरवता येत नाही. नाव ठेवणाऱ्या घराकडेही पाहावे लागते.

पावसाची नक्षत्रे हाही असाच एक खजिना. शेतकरी रोहिणीपासून स्वातीपर्यंतच्या नक्षत्रांवर पेरणी आणि पिकाचा हिशेब ठेवतो. त्यांतील रोहिणी, पूर्वा, उत्तरा, चित्रा आणि स्वाती मुलींच्या नावांत आल्या. उत्तरेला महाभारतातील विराटकन्येचाही आधार मिळाला. मृग आणि हस्त ही नक्षत्रे शेताला सर्वांत प्रिय असूनही नावांत आली नाहीत, कारण व्याकरणाने ती पुल्लिंगी आहेत आणि नक्षत्रांची नावे ठेवण्याची चाल प्रामुख्याने मुलींसाठी आहे.

ऋतूशी बांधलेली फुले आणि महिने यांपासून नावे घडवताना मराठीने काही प्रत्यय सढळपणे वापरले आहेत. शरदात फुलणारा प्राजक्त पुल्लिंगी. त्याला ‘आ’ जोडून ‘प्राजक्ता’ झाली. ‘ऋतुजा’मधील ‘जा’ म्हणजे जन्मलेली. गिरिजा आणि जलजा यांच्याच घडणीचा हा शब्द. ‘श्रावणी’, ‘चैत्राली’ ही त्याच वाटेवरची नावे.

५.३ नाव आणि सामान्यरूप

येथे व्याकरणाची एक गंमत नोंदवून पुढे जाऊ. सामान्यनाम विशेषनाम होते तेव्हा विभक्तिप्रत्ययापूर्वीचे त्याचे वागणे बदलते. ‘पौर्णिमेला समुद्राला उधाण येते’ असे आपण म्हणतो. पण ‘पौर्णिमाला नोकरी लागली’ असे म्हणतो. ‘वसंतात आंब्याला मोहोर येतो’, परंतु ‘वसंतला ताप आला’. ‘रामाने धनुष्य मोडले’ येथे सामान्यरूप होते, शेजारच्या रामच्या बाबतीत ‘रामने वीजबिल भरले’ असे सहज निघून जाते. जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘शांतेला सांग’, ‘वसंताला बोलाव’ ही रूपे होती. अलीकडची भाषा व्यक्तिनाम जसेच्या तसे राखू पाहते, जणू नावाला धक्का लागणे तिला मानवत नाही. आपल्या घरातील तीन पिढ्यांच्या बोलण्यात ही रूपे कशी येतात, हे आठवडाभर ऐकून वहीत नोंदवा.

५.४ शास्त्र, रूढी आणि नावातील उतरंड

गृह्यसूत्रांत नामकरणाचे नियम आहेत. मुलाचे नाव सम अक्षरांचे आणि मुलीचे विषम अक्षरांचे असावे, हा त्यांतील एक. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात याहून वेगळ्या जातीचा नियम आहे : ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे नाव निंदावाचक असावे. जन्मानंतर अवघ्या दहा-बारा दिवसांत, ज्या बालकाने अद्याप काहीच केलेले नाही, त्याच्यावर समाजातील त्याची पायरी नावाने कोरून ठेवायची, असा याचा अर्थ होतो. घटकाच्या आरंभी पाहिलेले ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ येथे एकच होतात.

धोंडू, दगडू, केरबा, भिकाजी ही नावे या नियमाचीच फळे आहेत, असे घाईने म्हणू नये. आधीची मुले दगावली की पुढच्या मुलाला मुद्दाम हलके नाव ठेवावे, म्हणजे दृष्ट लागणार नाही आणि मृत्यूला त्याचा मोह पडणार नाही, अशी लोकसमजूत सर्व थरांत होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यासारखे नाव ब्राह्मण घरातही असे. फरक पुढे पडतो. धोंडोपंत आणि धोंड्या ही एकाच नावाची दोन रूपे. ‘पंत’, ‘राव’ कोणाला आणि ‘या’ कोणाला, हे ठरवताना वय आणि जवळीक पाहिली जाई, तशीच जातही पाहिली जाई. प्रत्ययाच्या वापरात समाजरचना इतकी उघडी पडण्याचे दुसरे उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

मुलींच्या बाबतीत एक नाव असे आहे की त्याला संरक्षणाच्या समजुतीची सबब देता येत नाही. ते नाव ‘नकोशी’, किंवा बोलीत ‘नकुशी’. मुलींवर मुली झाल्या की आता मुलगी नको, हे सांगण्यासाठी ते ठेवले जाई. शाळेच्या हजेरीपटात, शिधापत्रिकेवर, लग्नपत्रिकेत ती मुलगी आयुष्यभर स्वतःची अनिच्छा वाचत राही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींचे समारंभपूर्वक पुन्हा नामकरण करण्यात आले. सरकारी कागदावर एक शब्द बदलणे ही बाहेरून किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. ज्या मुलीला हाक मारताच वर्गात हसू पिकत असेल, तिच्या बाजूने ती मोजावी.

५.५ दोन यमुना, दोन कादंबऱ्या

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये, असे म्हटले आहे. महाराष्ट्राने हा नियम मनावर घेतलेला दिसत नाही. गंगा, गोदावरी, कृष्णा, भीमा, यमुना, तुळसा ही नावे घरोघर होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आईचे नाव भीमाबाई होते. पुढे ब्रह्मदेशात जन्मलेल्या मुलीला तेथील नदीवरून ‘इरावती’ हे नाव मिळाले. त्याच समाजशास्त्रज्ञ आणि ‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्वे.

यांतील ‘यमुना’ या नावावर थोडे थांबू. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची नायिका यमुना प्रवासात विधवांची दुःखे पाहते. १८९० मध्ये ‘करमणूक’ पत्रातून येऊ लागलेल्या हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ची निवेदिका यमू, म्हणजे पुन्हा यमुनाच. या दोन कादंबऱ्यांच्या मधल्या काळात प्रत्यक्ष जीवनात दोन यमुना वाढत होत्या. एक लग्नानंतर आनंदी झाली : डॉ. आनंदीबाई जोशी. दुसरी लग्नानंतर रमा झाली : रमाबाई रानडे. लग्नात ताटातील तांदळांवर वराने वधूचे नवे नाव लिहावे, ही त्या समाजातील चाल. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाने दिलेल्या वैद्यकीय पदवीवर नाव चढले ते आईवडिलांनी ठेवलेले नव्हे, पतीने दिलेले. रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या, तेव्हा पतीचे नाव घेण्याचा संकोच म्हणून त्यांचा उल्लेख ‘स्वतः’ अशा शब्दाने केला. ज्याने आपले नाव बदलले त्याचे नाव आपण उच्चारायचे नाही. उच्चारायचेच तर उखाण्यात गुंफून. उखाण्यांकडे केवळ गमतीचा लोकसाहित्यप्रकार म्हणून पाहणाऱ्यांनी ही बाजूही विचारात घ्यावी.

याच्या उलट टोकाला टोपणनाव आहे. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले ते ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने. आईवडिलांकडचे बाळूताई खरे आणि सासरचे मालती बेडेकर या दोन नावांच्या बरोबरीने लेखिकेने स्वतःसाठी निवडलेले हे तिसरे नाव. विभावरी म्हणजे रात्र. जे उघड बोलता येत नव्हते ते बोलण्यासाठी हे नाव निवडले जावे, यातील औचित्य आपल्या लक्षात येईल.

५.६ ग्रंथातून पाळण्यात

साहित्यातून नाव घेण्याची सर्वांत मोठी आणि अर्थपूर्ण घटना मराठी समाजात विसाव्या शतकाच्या मध्यास घडली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शकुंतला, प्रियंवदा, मालविका ही नावे कालिदासाकडून आली, ती वाचणाऱ्यांच्या घरी. १९५६ च्या धर्मांतरानंतर मात्र ज्या समाजाला ग्रंथ वाचण्याचा अधिकारच नाकारला गेला होता, त्याने ग्रंथांतून नावे घेतली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, यशोधरा, सुजाता, प्रज्ञा ही बुद्धचरित्रातील आणि बौद्ध विचारातील नावे वस्त्यावस्त्यांतून ऐकू येऊ लागली. ‘मिलिंद’ आणि ‘नागसेन’ ही जोडी तर ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील : प्रश्न विचारणारा राजा आणि त्याला उत्तरे देणारा भिक्खू. बाबासाहेबांनी मुंबईच्या महाविद्यालयाला सिद्धार्थ आणि औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले, त्या परिसराला नागसेनवन म्हटले. निंदावाचक नाव ठेवण्याच्या आज्ञेला मिळालेले हे उत्तर होते आणि ते पाळण्यात दिले गेले. आज मिलिंद, राहुल ही नावे सर्व समाजांत ठेवली जातात, हेही नोंदवले पाहिजे.

५.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या कुटुंबातील किंवा ओळखीच्या कुटुंबातील चार पिढ्यांची नावे मिळवा. प्रत्येक नाव कोणी ठेवले, ते ऋतू, देवता, नदी, ग्रंथ की चित्रपट यांतून आले, आणि स्त्रियांची माहेरची नावे काय होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. पणजीचे माहेरचे नाव बहुतेक वेळा कोणालाच ठाऊक नसते. अशा वेळी ती जागा अंदाजाने भरू नका, कोरीच ठेवा आणि किती जागा कोऱ्या राहिल्या ते मोजा. एखाद्याला स्वतःचे नाव सांगताना संकोच वाटत असेल तर आग्रह करू नये. जमलेल्या सामग्रीच्या आधारे सुमारे तीनशे शब्दांचे टिपण तयार करून पुढील संपर्कसत्राला सोबत आणा.