भिंतीवरची बुरशी आणि घरातला खोकला



आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते, गोधड्यांना कुबट वास येतो, चपलांवर बुरशी चढते. आमची आजी म्हणायची, "दरसाल येतंच गो ते! पुसून टाक." आम्ही पुसत होतो. आठ दिवसांनी परत तेच.

गेल्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ रात्रभर खोकायचा. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. आई त्याला मांडीवर घेऊन बसून राहायची. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी औषध दिले आणि विचारले, "बाळ झोपतं कुठे? तिथे भिंतीला ओल आहे का?" घरी येऊन अंथरूण उचलले, तर मागे भिंतभर काळे ठिपके!

बुरशी म्हणजे काय?

बुरशी ही सजीव आहे, पण ती झाडांसारखे स्वतःचे अन्न तयार करत नाही. लाकूड, कागद, कापड, भाकरी, भिंतीवरची धूळ यांवर ती जगते. तिचे बीजाणू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ते हवेत सगळीकडे असतात. ओल मिळाली की रुजतात. सगळीच बुरशी वाईट नसते. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीतूनच पेनिसिलीनचा शोध लागला. पण घरात बुरशी वाढली व तिचे बीजाणू श्वासातून आत गेले, की काहींना शिंका येतात, डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. दमा असला तर तो वाढतो. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना जास्त त्रास होतो.

करून पाहा

भाकरीचे दोन तुकडे घ्या. एक पाणी शिंपडून पिशवीत घट्ट बांधा. दुसरा कडक वाळवून तसाच दुसऱ्या पिशवीत बांधा. चार-पाच दिवसांनी बाहेरूनच पाहा. ओल्या तुकड्यावर बुरशी दिसेल, वाळलेल्यावर नाही. पिशवी उघडू नका, वास घेऊ नका, तशीच पुरून टाका.

आम्ही काय केले?

बाबांनी वर चढून पाहिले, तर एक कौल फुटलेले. ते बदलले. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी साचत होते, तिथे चर काढून दिला. भावाचे अंथरूण कोरड्या खोलीत नेले. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. मग बाबांनी नाकातोंडाला फडके बांधून, खिडकी उघडून, भिंत साबणाच्या पाण्याने पुसली. ती पुरती वाळल्यावर चुना दिला. यंदा त्या भिंतीवर ठिपके नाहीत. भावाचे औषध चालू आहे, पण आता तो रात्री झोपतो आणि आईसुद्धा झोपते.

लक्षात ठेवा

१. बुरशी नुसती पुसून जात नाही. आधी ओल कुठून येते ते शोधा.
२. कोरड्या झाडूने बुरशी झाडू नका. बीजाणू घरभर उडतात.
३. भिजलेले अंथरूण एक-दोन दिवसांच्या आत सुकवा. उघडीप पडली की गोधड्या उन्हात टाका.
४. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. विषारी वायू निघतो.
५. बुरशी लागलेले शेंगदाणे, मका खाऊ नका, गुरांनाही घालू नका. त्यातले विष शिजवून जात नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील गावांत असा मका खाऊन १०६ माणसे दगावली.
६. खोकल्याची कारणे पुष्कळ असतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, तर आरोग्य केंद्रात जा. श्वास घेताना धाप लागली, तर थांबू नका, लगेच जा.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर एवढे करा. तुमच्या अंथरुणामागच्या भिंतीला हात लावून पाहा. गार, ओलसर लागली तर घरच्यांना सांगा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी