पाचवीतच पायथॉन?

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे. शाळेत संगणकाच्या तासाला स्क्रॅचमध्ये नुसती मांजर पळवतात. क्लासवाले म्हणतात, आत्ताच पायथॉन लावा, नाहीतर मागे पडेल. काय करावं? – एक पालक, सांगली

उत्तर : घाई नको. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यावर सांगितलेत. मागे पडण्याची भीती क्लासच्या जाहिरातीपुरती समजा.

मांजरीला मात्र कमी लेखू नका. एमआयटीत तयार झालेलं स्क्रॅच २००७पासून सर्वांना फुकट मिळतं. त्याची मुळं १९६७च्या लोगो भाषेत आहेत. मुलीला मांजरीकडून समभुज त्रिकोण काढून घ्यायला सांगा. चौरसाला दर कोपऱ्यावर ९० अंश वळवलं, तसं इथे ती बहुधा ६० घालेल, कारण वहीतल्या त्रिकोणाचा कोन ६०चाच असतो. तीन रेघा निघतील, पण त्रिकोण मिटणार नाही. अर्धा षटकोन उरेल. वळायचं असतं १२० अंशांतून, बाहेरच्या कोनाइतकं. हे तिचं तिलाच सापडू द्या. शेजारी बसा, पण माउसला हात लावू नका (बाबालोकांना हे फार जड जातं!).

पायथॉनमध्ये एक कोलन राहिला तरी इंग्रजीत लाल सूचना येते आणि लहान मूल हिरमुसतं. सातवी-आठवीत बघू.

शाळेत एवढंच विचारा : मुलं स्वतः संगणकावर बसतात, की फळ्यावरचा प्रोग्रॅम वहीत उतरवून घेतात? उतरवून घेत असतील, तर पालकसभेत विषय काढाच.