अकोला की परभणी?

पोरी, सीईटीचे गुण हाती आले. ते दोन्हीकडे नंबर लागेल असे आहेत, म्हणूनच घरात घोळ सुरू झाला आहे. तुझी आजी म्हणते अकोला, मामा म्हणतो परभणी, आणि बाप दोघांचं ऐकून रात्री माझ्याकडे येऊन बसतो. गावात कृषी सहायकाची नोकरी केलेला मीच, म्हणून विचारतात. तुमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं, हे सांगणारं माणूस घरात नसलं की जो मोठ्याने बोलतो त्याचं खरं वाटायला लागतं. म्हणून हे लिहून देतो. आईलाही वाचून दाखव.

आधी मनातली एक भीती काढून टाक. यात चूक होण्यासारखं फार नाही. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ चं, परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चं. बीएस्सी कृषीचा अभ्यासक्रम दोन्हीकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने आखून दिलेल्या चौकटीतलाच असतो. मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पतीरोगशास्त्र, विस्तार शिक्षण हे विषय दोन्हीकडे आहेत, वर्षं चारच आहेत, आणि शिकवणं-परीक्षा दोन्हीकडे इंग्रजीतच. कोणतं विद्यापीठ भारी, यावर चहाच्या टपरीवर भांडणाऱ्यांना भांडू दे.

तुझ्या बापाच्या वावरात तर दोन्ही विद्यापीठं कधीचीच येऊन बसली आहेत. आपला वाशिम जिल्हा विदर्भातला, म्हणजे अकोल्याच्या कार्यक्षेत्रातला. पण सोयाबीन एमएयूएस ७१ पेरलं, १५८ पेरलं, आता ६१२ पेरतात, ते सगळं परभणीचं. तुरीचं बीडीएन ७११ बदनापूरचं, म्हणजे परभणीच्याच संशोधन केंद्राचं. कपाशीतलं पीकेव्ही हायब्रीड २ आणि सोयाबीनमधलं पीडीकेव्ही अंबा अकोल्याचं. पिशवीवर कोणाचं नाव आहे हे शेतकरी बघत नाही, एकरी काय उतरलं ते बघतो. तूही तसंच बघ.

आता नीट लक्ष दे, कारण इथेच भलेभले गोंधळतात. पसंतीक्रम भरताना तू विद्यापीठ निवडत नाहीस, महाविद्यालय निवडतेस. एकाच विद्यापीठाच्या नावाखाली दोन प्रकारची महाविद्यालयं असतात: विद्यापीठाची स्वतःची, ज्यांना घटक महाविद्यालय म्हणतात, आणि संस्थांनी चालवलेली संलग्न विनाअनुदानित. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव दोन्हीकडे तेच येतं, पण चार वर्षं सारखी जात नाहीत. घटक महाविद्यालयात फी कमी, प्रक्षेत्र मोठं, प्रयोगशाळेला लागून संशोधन चालू असतं, आणि ज्या शास्त्रज्ञाने वाण काढला तोच कधी तास घ्यायला येतो. अकोल्याकडे अकोला आहेच, नागपूरचं १९०६ पासूनचं जुनं कृषी महाविद्यालय आहे. परभणीकडे परभणी, लातूर, बदनापूर, अंबाजोगाई आहे, आणि आपल्या रिसोडकडून जवळ पडणारं हिंगोली जिल्ह्यातलं गोळेगावही आहे. माझं स्पष्ट मत सांगतो. अकोल्याच्या नावाखालचं एखादं संलग्न महाविद्यालय आणि परभणीचं घटक महाविद्यालय असा पेच पडला, तर डोळे झाकून परभणी वर लिही. उलट झालं तर अकोला. जागावाटपात विद्यापीठाचं कार्यक्षेत्रही मोजलं जातं, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाच. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर क्रम भरू नकोस.

दोन्ही ठिकाणी घटक महाविद्यालयच मिळत असेल तर? मग प्रश्न घराचा येतो. यावर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे, कारण गावातून गेलेली बरीच पोरं याच ठिकाणी अडलेली पाहिली.

वाशिमहून अकोला ऐंशीएक किलोमीटर, परभणी सव्वाशेच्या आसपास. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर मधोमध आपण. एकीकडे अकोला, दुसरीकडे पूर्णा आणि तिथून परभणी. तसं बघितलं तर दोन्ही जवळच. पण ‘सकाळी जाऊन रात्री परत’ एवढ्या जवळच्या पोरीला घरचे बोलावतात, आणि सोयाबीनची सोंगणी नेमकी दसऱ्याच्या पुढेमागे येते, पहिलं सत्र ऐन रंगात असतं तेव्हा. मजूर मिळत नाहीत, आभाळ भरून आलेलं असतं, आणि बाप फोन करतो, दोन दिवस ये. दोन दिवसांचे आठ होतात. मळणी, मग तुरीची फवारणी, मग कोणाचं तरी लग्न. घरच्यांचा त्यात दोष नाही. सत्र म्हणजे काय, हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत, प्रात्यक्षिक बुडलं तर ते वावरात परत करून मिळत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. शेतीच्या शिक्षणात प्रात्यक्षिक फार. कीटकसंग्रह, तणांचा संग्रह, रेकॉर्ड बुक, सगळं वेळच्या वेळी लागतं. पहिल्या सत्रात घसरलेला सीजीपीए वर काढायला पुढची दोन वर्षं जातात, आणि एमएस्सीच्या वेळी तोच आडवा येतो.

म्हणून माझा कल असा. घरी दुसरे हात असतील, भाऊ मोठा असेल, तर अकोला चांगलं. तुझ्या घरात तर तूच मोठी आणि बापाचा उजवा हात. अशा पोरीने थोडं लांब राहिलेलं बरं. परभणीचं हे एक माप माझ्या लेखी जड आहे. आणि अकोल्याला गेलीस तरी जायच्या आधीच बापाशी बोलून ठेव: सोंगणीला येणार नाही, दिवाळीला येईन. हे आत्ता बोललीस तर त्याला पटेल. वावरात पीक उभं असताना फोनवर बोललीस तर दुखेल.

दोन्ही ठिकाणं डोळ्यांनी बघून ये, आणि आईला सोबत ने. परभणीला १८ मे आणि १७ सप्टेंबरला शेतकरी मेळावे भरतात, अकोल्याला शिवारफेरी असते. आपल्या गावची माणसं जातात, त्यांच्याबरोबर जाता येतं. पण मेळाव्याच्या दिवशी सगळं सजवलेलं असतं, म्हणून एकदा साध्या कामाच्या दिवशीही जा. मुलींच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाला जागा मिळते की बाहेर खोली करावी लागते, हे आधी विचार. मेसचं महिन्याचं बिल, संध्याकाळी गेट कधी बंद होतं, ग्रंथालयाची अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी असते, हेही विचार. हे ऑफिसात विचारू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला गाठ, शक्यतो वाशिम, मंगरूळपीर, मानोरा अशा आपल्या बाजूच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. इंग्रजीतले पहिले तास कळले नाहीत तेव्हा तिने काय केलं, जुन्या नोट्स कोणाकडून मिळाल्या, हे ती सांगेल. जिथे अशी एक तरी ताई भेटली, त्या ठिकाणाला माझ्या हिशेबात दोन गुण जास्त. शिकलेल्या घरच्या पोरांना हे सगळं जेवताना कानावर पडतं. तुला ते विचारून मिळवावं लागेल, आणि विचारायला लाजायचं नाही. शेवटच्या वर्षी कृषिकन्या म्हणून गावोगाव शेतकऱ्यांसमोर उभं राहायचंच आहे, बोलायची सवय आत्तापासून लागू दे.

पैशाचं आता. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन भरतं. पण प्रवेश कॅप फेरीतूनच झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून जागा देतो म्हणणारा कोणी भेटला तर हात जोडून निघून ये. फी माफ झाली तरी मेस, खोली, पुस्तकं, एप्रन, प्रवास राहतोच. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम, आणि अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुराच्या लेकरांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, असे आधार आहेत. यातली रक्कम खात्यात पडायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या सत्राचा खर्च बापाने हातात ठेवूनच पाठवायला हवं. गेल्या हंगामाची तूर घरात आहे. ती कधी विकायची, हे यावरून ठरवा.

आणि कागद. जात वैधता प्रमाणपत्राची पावती नुसती सांभाळून ठेवू नकोस, वाशिमला समितीच्या कार्यालयात जाऊन प्रकरण कुठवर आलं ते विचार. उत्पन्नाचा दाखला या आर्थिक वर्षाचा हवा, मागचा चालत नाही. नॉन-क्रीमीलेअरची मुदत तपास. बापाच्या नावचा सातबारा नवा काढ, शेतकरी कुटुंबाच्या मुलांना प्रवेशात त्याचा फायदा मिळतो. बँकेचं खातं तुझ्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं पाहिजे. सगळ्या कागदांवर तुझं आणि आईचं नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं आहे का, तेही बघ. सोमवारी तहसीलला जाशील तेव्हा मला हाक मार, मी सोबत येतो.