फलनांच्या अवकाशातील कोसंबी

इतिहासाच्या शिक्षकांनी स्मरणिकेत गणितावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. यास कारण दामोदर धर्मानंद कोसंबी. प्राचीन भारताच्या अभ्यासाला नवी दिशा देणारा त्यांचा १९५६ चा ग्रंथ आम्ही एम.ए.ला वाचला. मात्र ते मूळचे गणिताचे प्राध्यापक होते, ही गोष्ट वर्गात आम्ही एका ओळीत उरकत आलो. ती उणीव येथे भरून काढावयाची आहे.

दामोदर यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाचे कर्ते, पाली पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन आलेले दामोदर पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. तेथे असताना, १९४३ साली, त्यांनी फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला.

फलन-अवकाश म्हणजे काय? लोटे येथील पावसाचेच उदाहरण घेऊ. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस. रोजचा पाऊस मोजून आलेख काढला, तर एका वर्षाची एक वक्ररेषा मिळते. कागदावरील बिंदू सांगण्यास दोन संख्या लागतात. हा पावसाळा सांगण्यास १२२ लागतील. म्हणजे अख्खा पावसाळा हा १२२ मितींच्या अवकाशातील एक बिंदू होय. दिवसाऐवजी प्रत्येक क्षण धरला, तर मिती अनंत होतात. अशा अवकाशातही लांबी, कोन व लंब यांचा विचार करता येतो. हाच फलन-विश्लेषणाचा प्रांत.

अनेक वर्षांच्या अशा वक्ररेषा हाती असतील, तर अक्ष कोणते निवडावेत? कोसंबींच्या रीतीने आधी सरासरी काढावी. मग तिच्यापासून होणाऱ्या फरकांचा सर्वांत मोठा वाटा ज्या एका आकारात सामावतो, तो पहिला अक्ष. त्यास लंब राहून उरलेल्यातील सर्वांत मोठा वाटा घेणारा, तो दुसरा. पुष्कळदा असे थोडे अक्ष पुरतात. ते आधी ठरवून लादलेले नसतात, निरीक्षणांतूनच निघतात.

आधुनिक भौतिकशास्त्राचा पाया याच भूमीवर आहे. फॉन नॉयमन यांनी १९३२ च्या ग्रंथात पुंजयामिकीची मांडणी हिल्बर्ट अवकाशात केली. तेथे इलेक्ट्रॉनची अवस्था हा एक सदिश असतो आणि ऊर्जा हा त्यावर क्रिया करणारा ऑपरेटर. काही सदिशांची दिशा या क्रियेने बदलत नाही; त्यांना केवळ एका संख्येने गुणले जाते. मोजणीत मिळू शकणाऱ्या ऊर्जा त्या याच संख्या. कोसंबींचे आकारही अशाच एका ऑपरेटरचे असतात. तेथे ती संख्या त्या आकाराचा वाटा सांगते. गणित एकच, अर्थ निराळे.

ही रीत पुढे कारुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली व त्यांच्याच नावाने रूढ झाली. १९६७ साली लमली यांनी ती प्रवाहांतील खळबळीच्या अभ्यासात आणली. आता काही अभ्यासक कोसंबींचे नाव आरंभी जोडतात. स्वतः कोसंबींनी मात्र गणित व इतिहास यांत भिंत मानली नाही. हजारो आहत नाण्यांची वजने घेऊन, झिजेवरून त्यांचा काळक्रम लावण्याचा त्यांनी प्रयत्न केला.

दहावीनंतर “गणित आपले नव्हे” म्हणणारी मुले-मुली दरवर्षी आमच्यापुढे येतात. त्यांतील काहींना आम्हीच मान हलवून संमती दिली, ही आमची चूक. म्हणून येत्या जूनपासून नववीच्या मुलांनी विद्यालयाच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून १२२ दिवसांची नोंद करावी, असे योजिले आहे. पुढील वर्षीच्या वर्गाने दुसरी वक्ररेषा जोडावी. विज्ञान व अभियांत्रिकी शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी एखादा रविवार या मुलांसोबत बसावे, ही विनंती. आलेख मुले काढतील. अक्ष कसे शोधायचे, ते आपण दाखवावे.