समुद्र मनाला शांत का करतो?



भाताची सुगी आटोपली, मळणी होऊन पोती घरात आली, की बेळगाव-खानापूर भागातील पुष्कळ कुटुंबे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्यास जातात. फेस्त झाल्यावर गाडी लगेच घाटाकडे वळत नाही. ती आधी मिरामारला किंवा कोलव्याला जाते. वर्षभर चिखलात राबलेली माणसे घोटाभर पाण्यात उभी राहतात, पोरे वाळूत खेळतात, बायका पदर सावरून लाटांकडे पाहत बसतात. कोणी फारसे बोलत नाही. परतताना मात्र प्रत्येकजण म्हणतो, “बरे वाटले.”

हे बरे वाटणे कशामुळे घडते, आणि किनाऱ्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर दूर राहणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग, हे या पाठात पाहू.

१. ही ओढ नेहमीच अशी नव्हती

समुद्र माणसाला पूर्वीपासून असाच आवडत आला असेल, असे आपल्याला वाटते. पण पवित्र शास्त्र उघडून पाहा. इस्राएली लोक शेतीभातीचे आणि गुराढोरांचे. त्यांना समुद्र म्हणजे खवळलेले, गिळून टाकणारे पाणी. प्रकटीकरणात नव्या पृथ्वीचे वर्णन आहे, तिथे समुद्र उरलेलाच नाही! युरोपातही अठराव्या शतकापर्यंत समुद्राविषयी भीतीच अधिक होती, असे फ्रेंच इतिहासकार आलँ कोर्बँ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे.

पुढे डॉक्टरांनीच माणसांना किनाऱ्यावर आणले. १७५० साली रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरने ग्रंथींच्या रोगांवर समुद्राच्या पाण्याचा उपचार सांगणारा लॅटिन ग्रंथ लिहिला. १७९१ साली इंग्लंडमध्ये मार्गेट येथे गरीब क्षयरोग्यांसाठी समुद्रस्नानाचे रुग्णालय स्थापन झाले. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली आणि कारखान्यातले मजूरही सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर जाऊ लागले.

यावरून ध्यानात येते की ज्याला समुद्रातून पोटासाठी काही काढायचे नाही आणि ज्याला जिवाची भीती नाही, त्यालाच तो शांत वाटतो. आपण शेतकरी तिथे काम टाकून जातो. शांततेचा पहिला भाग इथेच आहे.

२. थकते ते लक्ष

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे रेचल आणि स्टीफन कॅपलन या पतिपत्नींनी १९८९ साली एक विचार सविस्तर मांडला. तो शेतकऱ्याला चटकन पटेल.

लक्ष दोन प्रकारचे असते. एक ओढून धरावे लागते. रात्री पंपाची वीज किती वाजता येणार, गवे कोणत्या बांधावरून शिरतील, सोसायटीचा हप्ता केव्हा भरायचा, ऊसबिल कधी मिळणार, या सगळ्यावर मन ताणून ठेवावे लागते. बैलाप्रमाणे हे लक्षही थकते. ते थकले की माणूस चिडतो, हिशेब चुकतो, मुलांवर उगाच ओरडतो. शरीर खाटेवर पडले तरी हे लक्ष जुंपलेलेच राहते.

दुसरे लक्ष आपोआप लागते. लाट येते, फुटते, फेस विरतो, पुन्हा लाट येते. बघायला काहीतरी असते, पण त्यावर काही ठरवायचे नसते. डोळे गुंततात आणि मन मोकळे राहते. तेवढ्या वेळात ओढून धरलेल्या लक्षाच्या मानेवरून जू उतरते. चुलीतला विस्तव, वाऱ्याने हलणारे उभे भात, ओढ्याचे वाहते पाणी यांनीही थोडेफार हेच घडते.

३. कान आणि श्वास

दूरवरून येणाऱ्या संथ लाटा साधारण ८ ते १४ सेकंदांनी एक अशा किनाऱ्यावर फुटतात. त्यांचा आवाज हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. गाडीचा हॉर्न किंवा कुत्र्याचे एकाएकी भुंकणे यांनी शरीर दचकते. लाटेच्या आवाजात असे दचकवणारे काही नसते, उलट इतर खटखट त्याखाली झाकली जाते.

श्वासाचेही पाहू. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा श्वास घेतो. तो ६ पर्यंत संथ झाला की हृदयाची गती आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली चालते. २००१ साली इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. त्यांना लॅटिन भाषेत जपमाळेतील ‘नमो मरिये’ म्हणायला लावले आणि योगातील मंत्रही म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला. म्हणजे संथ लाटांचा ताल आणि संथपणे म्हटलेल्या जपमाळेचा ताल जवळजवळ सारखाच! लाटांसमोर बसल्याने श्वास मोजून सहावरच येतो असे नव्हे. पण घाई नसलेल्या तालाजवळ शरीरालाही घाई राहत नाही.

४. डोळ्यांची विश्रांती

जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू आवळलेला असतो, दूर पाहताना तो सैल पडतो. वाळूवर उभ्या माणसाला क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर दिसते. मध्ये भिंत नाही, तार नाही, कोणाचा बांध नाही. ज्याचा सारा दिवस विळ्याच्या टोकाकडे, शिलाईयंत्राच्या सुईकडे किंवा मोबाईलच्या पडद्याकडे पाहण्यात जातो, त्याच्या डोळ्यांना ही मोठी सुटी आहे.

५. मोजून काय दिसले?

इंग्लंडमधील संशोधकांनी २००१ च्या जनगणनेतील सुमारे ४ कोटी ८० लाख लोकांची माहिती तपासली आणि निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध केले. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांत ‘आमची प्रकृती चांगली आहे’ असे सांगणारे थोडे अधिक आढळले. फरक लहान होता, पण गरीब वस्त्यांत तो जास्त दिसला.

त्याआधी २०१० साली १२० छायाचित्रे दाखवून लोकांची पसंती विचारली गेली. पाणी असलेली चित्रे लोकांना अधिक आवडली. शहराच्या चित्रात पाणी असले, तर पाणी नसलेल्या हिरव्या रानाइतकीच त्याला पसंती मिळाली. समुद्रच हवा असे नाही, नदी किंवा तळेही मनाला ओढून घेते.

२०१९ साली सुमारे २० हजार लोकांच्या माहितीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. जे आठवड्यातून निदान १२० मिनिटे निसर्गात विरंगुळ्यासाठी घालवतात, त्यांच्यात प्रकृती आणि मन चांगले असल्याचे सांगणारे अधिक होते. हे दोन तास एकदम घेतले की तुकड्यांनी, याने फरक पडला नाही.

इथे ‘विरंगुळ्यासाठी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. “आम्ही तर दिवसभर शेतातच असतो, आम्हाला निसर्ग कशाला शिकवता?” असे कोणी विचारील. शेतात असणे आणि शेतात बसणे यात फरक आहे. खुरपताना डोळा तणावर असतो, आभाळाकडे नसतो.

६. शांत दिसणारे पाणी

समुद्राचे कौतुक करताना दुसरी बाजू विसरू नये. २६ डिसेंबर २००४ च्या रविवारी सकाळी त्सुनामी आली, तेव्हा वेळांकणीच्या किनाऱ्यावर गेलेले अनेक यात्रेकरू बुडाले. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळाने केरळ आणि कन्याकुमारीकडील कितीतरी मच्छीमार घरांचे कर्ते पुरुष नेले. अशा घरांत लाटेचा आवाज झोप आणत नाही, झोप उडवतो. त्यांच्यासमोर समुद्राचे गोडवे गाताना भान ठेवावे.

सहलीला जाणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

(अ) जून ते सप्टेंबर समुद्रात उतरू नये. लाल झेंडा असेल तिथे कधीच नाही.

(आ) दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मधला पट्टा शांत आहे, अशी जागा पोरांना सुरक्षित वाटते. पुष्कळदा किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच जोराने आत परत जात असते. त्यात सापडल्यास प्रवाहाविरुद्ध पोहू नये. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडावे.

(इ) विहिरीत पोहता येते म्हणून समुद्रात पोहता येईल असे नाही. दारू पिऊन तर पाण्यात जाऊच नये.

(ई) समुद्राचे पाणी औषध म्हणून पिऊ नये. रसेल डॉक्टर ते पाजत असत, पण त्याने शरीरातले पाणी उलट कमी होते.

७. आपल्या शिवारातील ‘समुद्र’

आपला भाग पाण्याने दरिद्री नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जाते. म्हादई याच खानापूर तालुक्यात जन्मून मांडवी होते आणि पणजीपाशी पश्चिम समुद्राला मिळते. ज्या पाण्यापुढे आपण डिसेंबरात उभे राहतो, त्यातले थोडे आपल्याच डोंगरावर पडलेले असते.

म्हणून आमची सूचना अशी. आठवड्यातून तीन-चार वेळा, सायंकाळी अर्धा तास, नदीकाठी, तळ्याच्या बांधावर, नाहीतर शेताच्या उंच टोकाला नुसते बसावे. मोबाईल घरी ठेवावा. हिशेब, भांडण, राजकारण बरोबर नेऊ नये. दूर पाहावे आणि श्वास संथ सोडावा. घरातील बाईलाही हा अर्धा तास मिळाला पाहिजे. पुरुष बांधावर आणि बाई चुलीपाशी, असे झाले तर घरातील अर्धे मन थकलेलेच राहील. तेव्हा तिच्या वेळेला चूल दुसऱ्या कोणी सांभाळावी.

८. तरीही मन शांत होत नसेल तर

पाणी मनाला विसावा देते. ते कर्ज फेडत नाही आणि आजार बरा करीत नाही. समुद्रावर जाऊनही काहीच बरे वाटले नाही, दोन आठवड्यांहून अधिक दिवस झोप, भूक, कामातली गोडी गेली, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार असू शकतो. त्यात लाज नाही आणि श्रद्धेची उणीव तर मुळीच नाही. अशा माणसाला एकटे ठेवू नये. पिकावर फवारायच्या औषधांचे डबे कुलपात ठेवावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. धारवाडला मानसिक रोगांचे सरकारी रुग्णालय आहे. टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेवर १४४१६ हा क्रमांक फिरवला तर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो. हा क्रमांक घरातील कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरात सर्वांत थकलेले लक्ष कोणाचे आहे? त्यांना अर्धा तास कसा मिळेल?

२. आपल्या वाड्याजवळ बसण्याजोगे पाणी कुठे आहे? ते स्वच्छ राहावे म्हणून आपण काय करतो?

३. शेजारी कोणी बरेच दिवस गप्प गप्प आहे का? त्याच्याकडे कोण जाणार, आणि कधी?