धानाची बांधी आणि परदेशचा बाजार

भंडारा जिल्हा हा तळ्यांचा व धानाचा जिल्हा होय. आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी शाळेची फी धान विकूनच भरली जाते. यास्तव दूरदेशी तांदळाच्या व्यापारावर आलेले संकट रोवणी करणाऱ्या हातांपर्यंत कसे पोहोचते, हे मुलांनी व पालकांनी जाणावे, म्हणून हा पाठ आम्ही लिहीत आहो.

सजीवांचे गुणधर्म त्यांच्या पेशींतील जनुकांवरून ठरतात. एका जीवाचे जनुक प्रयोगशाळेत दुसऱ्या जीवात बसविले म्हणजे जनुकीय फेरबदल केलेला जीव तयार होतो. विदर्भातील बीटी कापूस हे त्याचे परिचित उदाहरण होय. मातीतील एका जिवाणूचे जनुक त्यात असल्याने बोंडअळीस मारक द्रव्य झाड स्वतःच तयार करिते. अशा वाणांचे नियमन १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनी होते. कापसाच्या या वाणास २००२ साली परवानगी मिळाली; बीटी वांग्यास २०१० साली स्थगिती देण्यात आली. परक्या जनुकाचे धान लावण्यास भारतात परवानगी नाही.

मग आमच्या तांदळास भय कशाचे? दोन उदाहरणे पाहू.

ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेच्या सरकारने जाहीर केले की, केवळ प्रयोगासाठी लाविलेल्या एका फेरबदल केलेल्या वाणाचे अंश विक्रीच्या लांब दाण्याच्या तांदळात आढळले. हा तांदूळ खाण्यास अपायकारक नाही, असेही सरकारने सांगितले. तथापि जपानने तो घेणे थांबविले, युरोपने तपासणीची सक्ती केली, आणि भाव कोसळले. पुढे २०११ साली त्या वाणाच्या कंपनीने सुमारे ११ हजार शेतकऱ्यांना ७५ कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे मान्य केले.

दुसरे उदाहरण आपल्याच देशाचे. २०२१ साली भारतातून गेलेल्या सुमारे ५०० टन कणीपासून युरोपात केलेल्या पिठात परवानगी नसलेले अंश सापडले, आणि त्या पिठाची मिठाई अनेक देशांतून परत मागविली गेली. भारतात असे धान विक्रीसाठी पिकतच नाही. भेसळ तिकडेच झाली असावी, असे आपल्या सरकारने म्हटले. परंतु संशयाचा डाग भारतीय तांदळाच्या नावावर पडला.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. अन्न अपायकारक आहे काय, हा एक प्रश्न. गिऱ्हाईक ते घेईल काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अनुकूल आले तरी दुसऱ्याचे प्रतिकूल येऊ शकते. शिवाय दोष एकाचा असला तरी भाव सर्वांचाच पडतो. ज्याने ते बियाणे कधी पाहिलेही नाही, त्यालाही दंड बसतो.

नियम कागदावर असून भागत नाही. २०१९ साली अकोला जिल्ह्यात परवानगी नसलेले तणनाशक सोसणारे कापसाचे बियाणे उघडपणे पेरले गेले. कापूस वस्त्रासाठी जातो. धानाचे असे झाल्यास ते थेट ताटात व जहाजात जाईल. मे २०२५ मध्ये सरकारने जनुक संपादित धानाचे दोन वाण जाहीर केले. त्यांत परके जनुक नसल्याने आपल्याकडे त्यांना सूट आहे. परंतु घेणाऱ्या देशाचा कायदा निराळा असू शकतो. म्हणून नवे ज्ञान त्याज्य मानू नये, परंतु विक्रीपूर्वी गिऱ्हाइकाचा नियम विचारावा.

धानाचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते; म्हणून वाऱ्यापेक्षा माणसाच्या हातून मिसळ होण्याचा धोका अधिक. बियाणे, पोते, मळणीयंत्र व गिरणी ही तिची चार दारे होत. तेव्हा पालकांनी बियाणे मोहोरबंद व पावतीसह घ्यावे, वाणाचे नाव वहीत टिपून ठेवावे, निरनिराळे वाण निरनिराळ्या पोत्यांत भरावे. वही लिहिण्याचे काम विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. आमच्या चिन्नोर तांदळाची कीर्ती सुवासाने झाली. ती टिकेल मात्र सचोटीने.