व्यापाराचा डाव : जिंकायचं कसं आणि शिकायचं काय?



पावसाळ्यात डहाणू-तलासरीकडे मैदानी खेळ बंद पडतात. मग कॅरम, सापशिडी आणि व्यापाराचा डाव बाहेर निघतो. गावं विकत घ्यायची, भाडं वसूल करायचं, घरं-हॉटेलं बांधायची आणि शेवटी बाकीच्यांचे खिसे रिकामे करायचे. मुलं तासन्‌तास खेळतात. हा खेळ नुसता फाशांवर चालतो असं वाटतं, पण त्यात पाचवी ते सातवीचं भरपूर गणित आहे आणि गणितापलीकडचं थोडं परिसर अभ्यासातलंही आहे. दोन्ही कसं शिकवता येईल ते पाहू.

साहित्य : व्यापार किंवा मोनोपॉलीचा एक संच, वही, पेन्सिल. खाली दिलेले आकडे मोनोपॉलीच्या मूळ पटावरचे आहेत. व्यापाराच्या संचात रकमा वेगळ्या असतात, म्हणून मुलांना आपल्याच संचातले पत्ते वाचून तक्ता करायला लावा.

भाग १ : जिंकण्याच्या युक्त्या

१) सुरुवातीला हात आखडू नका. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत जी जागा मिळेल ती घ्यावी. नुसत्या नोटा भाडं आणत नाहीत. शिवाय एकाच रंगाच्या सगळ्या जागा जमवायच्या तर अदलाबदलीसाठी आपल्या हातात काहीतरी हवंच.

२) फाशांचं गणित मांडा. दोन फाशांचे एकूण ३६ प्रकार होतात. ७ येण्याचे ६ प्रकार, ६ आणि ८ येण्याचे प्रत्येकी ५, ९ येण्याचे ४, तर २ आणि १२ येण्याचा फक्त एकेक. मुलांना हा तक्ता स्वतः लिहू द्या. आता पटावर पाहा. मोनोपॉलीत सगळ्यात जास्त वेळा सोंगटी जाते ती जेलमध्ये. जेलपासून ६, ८ आणि ९ घरांवर नारिंगी रंगाच्या तीन जागा आहेत. म्हणजे जेलमधून निघालेला खेळाडू पहिल्याच फेकीत त्यांपैकी एकीवर येण्याचे ३६ पैकी १४ प्रकार. म्हणून सराईत खेळाडू महागड्या जागांआधी नारिंगी जागा धरतात.

३) तिसऱ्या घरापर्यंत पोचा. नारिंगी रंगातल्या एका जागेचं भाडं असं वाढतं : एक घर ७०, दोन घरं २००, तीन घरं ५५०, चार घरं ७५०, हॉटेल ९५०. प्रत्येक घराचा खर्च मात्र तोच, १००. मुलांना फरक काढायला सांगा. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना भाडं ३५० ने वाढतं, पुढे प्रत्येक वेळी २०० नेच. म्हणजे एका जागी हॉटेल करण्याआधी रंगातल्या सगळ्या जागांवर तीन-तीन घरं करणं फायद्याचं.

४) घरं अडवून ठेवा. संचात घरं फक्त ३२ असतात. आपण चार-चार घरांवर थांबलो आणि हॉटेल घेतलंच नाही, तर दुसऱ्यांना बांधायला घरंच उरत नाहीत.

५) जेल कधी बरं, कधी वाईट? सुरुवातीला दंड भरून लगेच बाहेर पडा, कारण जागा घ्यायच्या असतात. शेवटी सगळीकडे घरं उभी राहिली की आत बसलेलं बरं. आपलं भाडं चालूच राहतं, आपल्याला मात्र भरावं लागत नाही.

भाग २ : हरणारा का हरतो?

डाव संपला की लगेच पट गुंडाळू नका. विचारा, "सगळ्यांना सारखेच पैसे होते, फासेही तेच. मग हा का हरला?" मुलं आधी म्हणतात, "नशीब!" किंवा "त्याला खेळताच येत नाही." मग वहीतले तक्ते पुन्हा पाहायला लावा. पहिल्या काही फेकींत कुणाला जागा मिळाल्या हे मुख्यतः नशिबावर ठरलं. नंतर भाड्यातून घरं, घरांतून आणखी भाडं, आणि हरणाऱ्याची जमीन गहाण. त्याने चूक केली नाही तरी तो बुडत जातो.

गंमत म्हणजे हा खेळ मुळात हेच दाखवायला तयार झाला. अमेरिकेतल्या लिझी मॅगी या बाईंनी 'लँडलॉर्ड्स गेम' नावाच्या खेळाचं पेटंट १९०४ मध्ये मिळवलं. जमीन मूठभरांच्या हाती गेली की काय होतं ते लोकांना कळावं, हा त्यांचा हेतू. त्यांनी दुसरे नियमही केले होते, त्यांत जमिनीचं भाडं मालकाऐवजी सार्वजनिक तिजोरीत जाई. १९३५ मध्ये मोनोपॉली बाजारात आली, ती मात्र एकाने सगळं जिंकण्याच्या नियमांनीच.

आपल्या तालुक्यांना हे दूरचं नाही. इथल्या वारली कुटुंबांनी सावकार-जमीनदारांच्या जमिनीवर वेठ केली. लग्नासाठी कर्ज घेतलं म्हणून नवरा-बायको दोघं मालकाकडे राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात सभा भरली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होते. म्हणजे खेळाचे नियम आकाशातून पडत नाहीत, माणसं ते बदलू शकतात.

आजचा एक नियम मोठ्या मुलांना जरूर सांगा. पटावर जमीन गहाण टाकायची तर पत्ता उलटा केला की झालं. खऱ्या आयुष्यात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ३६ अ आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची किंवा गहाण द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, विक्रीला शासनाची मान्यताही लागते. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, हे मुलांनी घरी सांगितलं तरी हा तास कारणी लागला.

घरी करायला

१) दोन फाशांचा ३६ प्रकारांचा तक्ता करा.
२) भाडं सार्वजनिक तिजोरीत जमा करून, दर फेरीला सगळ्यांत सारखं वाटून एक डाव खेळा. कोण, किती वेळात हरलं ते लिहा.
३) आजी-आजोबांना विचारा : वेठ म्हणजे काय?
४) आई-बाबांसोबत कोणताही एक सातबारा वाचा. खातेदाराचं नाव, क्षेत्र आणि 'इतर अधिकार' हा रकाना शोधा.

शिक्षकांना एक विनंती. "तुमच्याकडे जमीन किती?" असं वर्गात कुणालाही विचारू नका. काही मुलांच्या घरी सातबाराच नसतो. त्यांच्यासाठी नमुन्याचा एक सातबारा आपण स्वतः घेऊन जावा.